मिठाचं सुतक

सिंहावरून भांडण झालं हे एका परीनं बरंच झालं. त्या गडबडीत पाटलांच्या घरात अर्पिताच्या लग्नाचा विषय काही दिवस तरी निघाला नाही.

झालं असं होतं की, दिल्लीच्या अखिल भारतीय वंशावळ व कुलचिन्ह परिषदेनं तामलवाडीच्या पाटलांचं घराणं आपल्या दप्तरी घ्यायचं ठरवलं होतं. दप्तरी घेतलं की घराण्याला एक चिन्ह मिळतं, ढालीवर रंगवलेलं, फाटकावर लावायचं. कृष्णराव पाटलांना त्यावर सिंह पाहिजे होता. धाकट्या भावाला, अमरसिंहाला, सिंह तर पाहिजेच, वर दोन तलवारीही पाहिजे होत्या. अन् त्यांच्या चुलतीचं, लक्ष्मीबाईंचं, म्हणणं तिसरंच.

"तामलवाडीत सिंह कुणी बघितलाय रे? तुमच्या आज्ज्यानं जल्मभर बैलाची शेपटी पिळली. बैल काढा, लोकांना वळखू तरी येईल."

आई लवकर गेली तेव्हा या काकूंनीच दोघा भावांना वाढवलं होतं. त्यामुळं त्यांना उलट बोलायची छाती घरात कुणाची नव्हती. सिंह मात्र आला. तलवारीही आल्या. द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये मांडव घातला, क्रेट एका बाजूला रचून खुर्च्या मांडल्या, आणि पुढं टेबलावर ती ढाल भगव्या कापडाखाली झाकून ठेवली.

कृष्णराव मात्र सकाळपासून ढालीकडं बघतही नव्हते. त्यांच्या पोटात दुसरीच गोष्ट होती, आणि ती कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. दोन वर्षं त्यांनी लेकीला "न्हाय म्हणजे न्हाय" सांगितलं होतं. तिच्या मनात भरलेला नंदीश नळदुर्गचा, वडील वारलेले. त्याचे आजोबा शिवप्पा आडत व्यापारी, तीन पिढ्यांचा घरोबा, पाटलांची ज्वारी कायम त्यांच्याच काट्यावर. पोरगं गुणाचं, शीतगृह काढलेलं. सगळं खरं, पण लिंगायत. चौदा पिढ्यांचं रक्त आपण मिसळायचं नाही, हे कृष्णरावांचं वाक्य अर्पिताला इतकं पाठ झालं होतं की ते तोंड उघडायच्या आधीच ती उठून जायची.

आणि ते वाक्य मोडलं कुणी, तर परिषदेनंच. परिषदेच्या संशोधक डॉ. गायत्री गेल्या खेपेला आल्या, तेव्हा बागेतून फिरता फिरता हसत म्हणाल्या होत्या, "पाटील, मी शेकड्यांनी घराणी तपासली. एकही परका थेंब नसलेलं अजून एक सापडायचंय." कृष्णराव चिडले, आणि मग कितीतरी दिवस तेच चघळत राहिले. काल संध्याकाळी त्यांनी बायकोला बोलावून सांगितलं, "राजेश्वरी, शिवप्पाकाकांना फोन केलाय. उद्या ढाल उघडली की तिथंच सुपारी फोडू. पोरगी झुरायला लागली माझी."

राजेश्वरीबाई पदरात तोंड घालून रडल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपणहून हार मानली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

*

शेडच्या मागं ग्रेडिंगच्या खोलीत बायकांची लगबग होती. राजेश्वरीबाई कुंकवाचं ताट सजवत होत्या. नारळ, सुपारी, हळकुंडं, साखरेचा पुडा. मल्लम्मा, शिवप्पांची बायको, नळदुर्गाहून हिरवी इरकल घेऊन आली होती. ती पिशवीतून काढून सारखी हात फिरवत होती.

"रंग बरा हाय न्हवं, राजूबाई? नंदीश म्हनला, पोपटी नको. म्या म्हनलं, तुला काय कळतंय रे."

"लई छान आहे हो, काकी."

तेवढ्यात लक्ष्मीकाकू आत आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कृष्णरावांना सगळ्यांना चकित करायचं होतं. काकूंची नजर ताटावर गेली, साडीवर गेली.

"हे काय?"

"काकू, ह्यांनी हो म्हटलं!" राजेश्वरीबाईंना आता राहवेना. "आज सुपारी. अर्पिताची अन् नंदीशची."

काकू मटकन क्रेटवर बसल्या. राजेश्वरीबाईंना वाटलं, आनंदानं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. काकूंनी तो हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"किस्ना हो म्हणाला?" 

"व्हय हो. तुम्हीच म्हणत होता ना, पोरीचे हाल बघवत नाहीत?"

"म्या म्हणत हुते," काकू म्हणाल्या. "पर तो न्हाय म्हणतोय, म्हणून म्या निर्धास्त हुते गं."

राजेश्वरीबाईंना हे काहीच उमगलं नाही. विचारायला तोंड उघडलं तोच बाहेर माईकवर अमरसिंहाचा आवाज आला, काकूंना पुढं बोलावतोय म्हणून. काकू उठल्या. जाताना मल्लम्माच्या हातातल्या साडीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. त्यांचं तोंड असं उतरलं होतं की मल्लम्मानं घाबरून विचारलं, "अव्वा, बरं न्हाय का?"

*

ढाल उघडायच्या आधी परिषदेची एक रीत होती. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारायचा.

"पुरुष वंशावळ सांगायला लागले की थेट राजापर्यंत जाऊन पोचतात," गायत्रीबाई म्हणाल्या, आणि मांडवात हशा पिकला. "बायका सुतक धरतात, ते मात्र खऱ्या भाऊकीपर्यंतच जातं. हौस म्हणून सुतक कुणी धरत नाही. म्हणून आम्ही नोंद पक्की करायच्या आधी हेच विचारतो. काकू, तुमचं सुतक कुठवर?"

अमरसिंहानं माईक काकूंच्या तोंडाजवळ धरला. काकूंनी तो हातानं बाजूला सारला.

"तामलवाडीत तीन घरं. काटीत एक." त्या थांबल्या. समोर पहिल्या रांगेत नंदीश बसला होता, नवीन सदरा घालून. "अन् नळदुर्गात शिवप्पाचं."

पुन्हा हशा. अमरसिंह म्हणाला, "काकू, भाऊकीचं विचारतायत त्या. शिवप्पाकाका लिंगायत आहेत."

"मला ऐकू येतंय. म्या बी भाऊकीचंच सांगते."

"मॅडम, ते मिठाचं सुतक," कृष्णराव खुशीत समजावून सांगायला लागले. "शिवप्पाकाकांच्या वडलांनी आमच्या घरचं मीठ खाल्लेलं. तवापासून त्यांच्याकडं कुणी गेलं तर आम्ही धरतो, आमच्याकडं कुणी गेलं तर ते. आता बोला, कोण करतं हो एवढं?"

गायत्रीबाईंचं हसू मावळलं. "मिठाला सुतक नसतं, पाटील."

त्या मल्लम्माकडं वळल्या. "आजी, तुम्ही यांचं धरता?"

"धरतो की. ह्यांचे वडील बलभीम पाटील गेले तवा धा दिस घरात कढई न्हाय चढली."

"आणि तुमच्या स्वतःच्या घरात कुणी गेलं तर?"

"आमच्यात कुठलं सुतक, बाई? मानूस शिवाजवळ जातो, त्याचा इटाळ कशाचा?"

"तेच. माझंही माहेर लिंगायत." गायत्रीबाईंचा आवाज आता हळू झाला होता. "म्हणजे तुमचा मुलगा गेला..."

"नंदीशचा बा गेला तवा बी न्हाय धरलं." एवढं बोलून मल्लम्मा थबकली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच आता ऐकू आलं. पोटच्या पोराचं धरलं नाही, आणि परक्या पाटलाचं दहा दिवस धरलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "आवं... मामंजी सांगून गेलते. आपन इचारलं का न्हाय कधी?"

शिवप्पांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या.

*

अर्पिताचं डोकं घरात सगळ्यांत लवकर चालायचं, आणि त्या दिवशी तेच तिला नडलं. एका क्षणात तिनं जोडून टाकलं. सुतक भाऊकीचं, म्हणजे नळदुर्गकर आपल्या भाऊकीतले, म्हणजे आपलेच! दोन वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटलं ती भिंत नव्हतीच मुळी! ती खुर्चीतून उठलीच.

"पप्पा! बघा, ते आपलेच निघाले! रक्त रक्त करत होता ना? एकच रक्त निघालं!"

ती हसत होती. तिनं नंदीशकडं बघितलं. नंदीश हसत नव्हता. तो उभा राहिला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आपलेच हायेत, पोरी," लक्ष्मीकाकू म्हणाल्या. "म्हणून तर न्हाय व्हायचं. तो तुझा भाऊ लागतो."

अर्पिता हसतच राहिली थोडा वेळ, कारण तोंडाला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"काय बोलताय काकू?" कृष्णराव ओरडले. "शुद्धीवर आहात का?"

"बस खाली, किस्ना. ऐक." काकूंनी डोळ्याला पदर लावला नाही. एकदा सुरू झाल्या की त्या रडून मोकळं होणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माझ्या सासऱ्याला एक धाकटा भाऊ हुता. शंकर. अक्कलकोटाकडच्या लिंगायताच्या नागम्मावर जीव बसला त्याचा. घरात म्हणाले, तोड. त्यानं न्हाय तोडलं. मठात जाऊन दीक्षा घेतली, गळ्यात लिंग बांधलं, शरणबसप्पा झाला, अन् तिच्यासंगं नळदुर्गात ऱ्हायला. हिकडं तुमच्या पणज्यानं काय केलं? गवताचा पुतळा केला अन् नदीवर नेऊन जाळला. जित्या पोराचा दहावा घातला. शंकर मेला, म्हणून गावात सांगितलं."

"शंकरआजोबा पटकीनं गेले," अमरसिंह म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पप्पा कायम सांगायचे."

"तुझ्या पप्पाला बी तेच सांगितलं हुतं. पर आईचं काळीज पुतळ्यानं भागतंय व्हय? म्हातारीनं सुनेला, म्हंजी माझ्या सासूला, शपथ घातली. नळदुर्गाचं सुतक सोडू नगंस, कारण कुणाला सांगू नगंस. अन् तिकडं शंकरनं बी पोराला तेच शिकवलं. मीठ म्हणून सांगितलं. माझी सासू कडूबाई, मरताना ती शपथ माझ्या गळ्यात घालून गेली."

सगळ्यांनी शिवप्पांकडं बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो धिप्पाड माणूस खुर्चीच्या दांड्या धरून बसला होता. आडतीच्या पेढीवर ज्याला कधी कुणी एका पैशानं फसवलं नाही, त्याला त्याच्या बापानं जन्मभर फसवलं होतं. बाप तामलवाडीचं नाव निघालं की उठून जायचा. शिवप्पा लहानपणी एकदा बापाच्या खांद्यावर बसून इथल्या जत्रेला आले होते, तेव्हा बाप वेशीबाहेरच थांबला होता आणि पोराला एकट्याला आत पाठवलं होतं. का, ते आज कळलं.

"यप्पा," शिवप्पा स्वतःशीच म्हणाले. "मला सांगायचं तरी."

मग ते कृष्णरावांकडं वळले. "बलभीम माझा चुलतभाऊ लागला की रे. तू मला काका म्हनतोस, ते खरंच निघालं."

कृष्णरावांनी आपोआप हात जोडले.

*

आणि मग जे झालं ते या घराण्यालाच शोभणारं.

दोन वर्षं ज्यानं "लिंगायताला मुलगी दिली तर मी घर सोडीन" म्हणून तांडव केलं होतं, तो अमरसिंह पुढं झाला, सगळ्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला, दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "लग्न करून टाका."

"काय?" राजेश्वरीबाई किंचाळल्याच.

"वहिनी, आवाज हळू. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न मोडलं तर लोक कारण विचारतील. काय सांगणार? आमच्या आज्ज्याचा भाऊ बाटला अन् आम्ही त्याचा गवताचा पुतळा जाळला? मांडवात निम्म्या लोकांना नीट ऐकू गेलेलं नाही. मॅडम, तुम्ही लिहू नका म्हणजे झालं."

"बाटला?" शिवप्पा गरजले. "कोन बाटला रे? तोंड सांभाळ."

"तसं नव्हे, काका..."

"मी लिहिणार," गायत्रीबाई म्हणाल्या. "नळदुर्गची शाखा लिहिल्याशिवाय तुमची नोंद पुरी होत नाही. आणि पाटील, हे फक्त रीतीचं नाही. दोघांचा खापरपणजा एक. एवढ्या जवळच्या भाऊबंदांत लग्न कायद्यालाही चालत नाही."

"मग नोंद गेली खड्ड्यात!" अमरसिंह म्हणाला.

"गप बस, अमर." कृष्णराव भिंतीला टेकून उभे होते. कालपर्यंत नकार देताना त्यांचा आवाज खणखणीत असायचा. आज तोच नकार द्यायला त्यांना भिंतीचा आधार लागला. "बहीणभावाचं लग्न लावून मी अब्रू झाकू? नाही जमणार. न्हाय म्हणजे..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. लेक समोर होती.

"काकू," राजेश्वरीबाई आता काकूंवर उसळल्या. आजवर त्या काकूंना कधी अर्ध्या शब्दानं बोलल्या नव्हत्या. "दोन वर्षं! दोन वर्षं माझी पोरगी तीळतीळ तुटली अन् तुम्हाला माहीत होतं! त्याच दिवशी का नाही सांगितलं? तिनं तेव्हाच मन आवरलं असतं की हो!"

लक्ष्मीकाकूंनी उत्तर दिलं ते राजेश्वरीबाईंना नाही, अर्पिताला.

"शपथ हुती गं. अन् किस्ना न्हाय म्हणतोय, म्हटलं, दमून सोडून देशील. बाप वाईट ठरंल, चालंल. पोरीला असलं काही ऐकावं लागायचं न्हाय. त्याच्या रागाआड दडून बसले म्या. त्यो इरघळंल असं वाटलं न्हाय. चुकलं माझं."

कृष्णरावांनी डोळे मिटून घेतले. जन्मात एकदा नमतं घेतलं, अन् तेच लेकीच्या मुळावर आलं. शिवप्पा पुटपुटले, "नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ शोधू नये म्हनतात, ते उगाच न्हाय."

नंदीश दारापाशी उभा होता. इतका वेळ तो आणि अर्पिता एकमेकांकडं बघत नव्हते. कसं बघायचं तेच दोघांना आता ठाऊक नव्हतं. कालपर्यंत एकमेकांना भेटायला निमित्तं शोधणारी ती पोरं एकाच खोलीत होती, अख्ख्या घरासमोर, कुणाच्या आडकाठीशिवाय, आणि मधल्या दोन हातांत आता शंकर पाटील नावाचा एक माणूस उभा होता.

"अर्पिता," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "मला आत्ता कुठल्याही नावानं हाक मारू नकोस."

तो गेला. बाहेर मोटारीचं दार वाजलं. वारं सुटलं होतं; टेबलावरच्या ढालीचं कापड उडून खाली पडलं आणि तो सिंह दोन तलवारी घेऊन रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसला. पंगतीला थांबा, असं म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. लोक आपापल्या चपला शोधायला लागले.

खोलीत मल्लम्मा तेवढी उठली नव्हती. तिच्या मांडीवर ती हिरवी इरकल तशीच होती. शिवप्पा दारातून म्हणाले, "चल, मल्लव्वा." ती उठली, आणि दाराकडं जायच्या ऐवजी अर्पितापुढं येऊन उभी राहिली.

"सुनेसाठी आनलेली," ती म्हणाली. "माघारी कशी नेऊ? भाऊकीतली लेक निघालीस. लेकीला बी साडी देतात. घे."

अर्पितानं साडीकडं बघितलं. हात पुढं केला नाही. इतका वेळ आत दाबून धरलेलं सगळं आता बाहेर येत होतं आणि ते रडू नव्हतं, राग होता. समोर बाप उभा, काका उभा, काकूआजी उभी, आणि ती विचारणार होती ते या सगळ्यांनाच.

"माणूस मेलं तर तुम्ही सुतक धरता. मेलं नाही तरी पुतळा करून धरता. मीठ म्हणून धरता, चोरून धरता." तिचा आवाज फाटला. "आज माझं जे गेलं, त्याचं कोण धरणार? किती दिवस?"

कृष्णरावांनी मान खाली घातली. गायत्रीबाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मल्लम्मानं साडीची घडी उलगडली, पोरीच्या खांद्यावरून घेतली आणि पुढं ओढून नीट केली, थंडीत लेकराला पांघरावं तशी.

"आमच्यात सुतक नसतं गं, बाळ," ती म्हणाली. "पर तुमच्या घरचं आमी कायम धरलंय. हे बी धरू. आजपासून माझ्या घरात कढई चढायची न्हाय. किती दिस, ते तू सांग. तू सोड म्हनशील तवाच सोडू."